सहा पोती मोहफुलं आणि एक लोटा पाणी

गाडी निवडावी तर मीच! ही फुशारकी नाही, अनुभवाचे बोल आहेत. चंद्रपूरच्या एका सरकारी कार्यालयात वाहन शाखेचा कारकून म्हणून मी एकोणीस वर्षं काढली होती. कुठली जीप किती तेल पिते, कुठला ट्रक कुठल्या नाल्यात बसला, कुठला ड्रायव्हर साहेबांच्या मुलीला शाळेत सोडून वहीत 'पूल तपासणी' लिहितो, सगळं मला तोंडपाठ! स्टिअरिंगला मात्र मी जन्मात हात लावला नव्हता. पण त्यानं काय बिघडतं? भाजीत मीठ कमी आहे हे स्वयंपाक न येणारी माणसंच सर्वांत मोठ्यानं सांगतात.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यातली. मी घरात लटारू आणि ऑफिसात एल. डी. निमगडे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तेंदूपत्त्याच्या कामावरचा एक मुनशी भामरागडकडून आला आणि दारातूनच निरोप सांगून गेला.

"कोसमटोल्याच्या सुगंधाबाई बाजीवर पडून हायेत. अन्न जात नाई. ठमाबाईले म्हनल्या, मिरगाच्या आत येऊन जा. नाला भरला का मंग दिवाळीपरेंत कोनी येत नाई."

ठमाबाई म्हणजे माझी माय. सुगंधाबाई तिची धाकटी बहीण, माझी मावशी. दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. मायनं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून दारूच्या वाटेलाही ती गेली नाही आणि दुसऱ्या कोणाला जाऊ द्यायची नाही. मावशीचा नवरा त्या भागात जंगलाचा नाकेदार. माणूस देवासारखा, पण संध्याकाळी मोहाची लागायची. मावशीच्या नातवाच्या बारशाला मायनं भर पाहुण्यांत नाकेदाराचं मोहाच्या दारूचं मडकं अंगणात ओतून दिलं! मावशी म्हणाली, "बाई, तू दारू नाई सांडली, माह्या घराची अब्रू सांडली. आता इथी पाय ठेवू नको." मायनं ठेवला नाही. नाकेदार वारला तेव्हा मावशीनं कळवलं नाही आणि कानावर आलं तरी माय गेली नाही. अकरा वर्षांत आलेला हा पहिला निरोप.

माय भिंतीकडे तोंड करून बसली. मग म्हणाली, "लटारू, मले जा लागते."

आता अडचण ऐका. हिवाळ्यात माय विहिरीवर घसरून पडली होती. मणक्याला मार बसला. डॉक्टरनं बजावलं होतं, "धक्का बसता कामा नये. बसला तर पुन्हा उभ्या राहणार नाहीत." एस.टी.चा तर विचारच नको. आणि आलापल्लीच्या पुढे तेव्हा रस्ता नव्हताच, रस्त्याची नुसती आठवण होती! म्हणजे मायची पाठ बघितली तर मऊ गाद्यांची मोटारच पाहिजे, आणि वाट बघितली तर जीपच पाहिजे. असा पेच दुसऱ्या कोणाच्या घरी पडला असता तर तो माणूस रडला असता. मी हात चोळले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या विद्येला काम मिळालं होतं!

मी कागद घेतला, मधोमध रेघ मारली. डावीकडे वामनरावांची मोटार. वामनराव धानाच्या गिरणीचे मालक, माझे शाळेपासूनचे मित्र. मोटारीत मखमली गाद्या, खिडक्यांना पडदे, वर पंखासुद्धा! उजवीकडे मुखरूची जीप. मुखरूनं ती सरकारी लिलावात घेतली होती. गाद्यांच्या नावानं दोन फळ्या, पण डोंगरावर चढवली तरी कुरकुर नाही.

"आता परीक्षा घेऊ," मी कमळाला म्हणालो. कमळा माझी बायको. "एक पितळी लोटा दे, काठोकाठ भरून."

"अवो, बाईले पाह्याले निघाले का गाड्याइची लग्नं लावाले? उद्याच निघा ना!"

"घाईनं कामं बिघडतात," मी म्हणालो.

लोट्याची युक्ती माझी स्वतःची. गाडीत भरलेला लोटा ठेवायचा, वीस किलोमीटर जायचं, आणि सांडलं किती ते बघायचं. जितकं पाणी सांडेल तितकं मायच्या पाठीला दुखेल. साधं शास्त्र!

मोटारीनं मूल गावाकडच्या डांबरी रस्त्यावर थेंब सांडला नाही. वामनरावांची मान ताठ झाली. मी म्हटलं, आता जरा जंगलाची वाट. पहिल्याच फर्लांगावर एका दगडावर मोटारीचं पोट टेकलं आणि ती कासवासारखी चारी पाय अधांतरी ठेवून बसली! नऊ माणसांनी ढकलून काढली. तेलाचं भांडं फुटलं होतं. वामनराव परत येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पाणी मात्र तेव्हाही सांडलं नव्हतं, हे मी मुद्दाम त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्यानंतर ते वर्षभर बोलले नाहीत. मोटार दुरुस्त होते का हे बघण्यात माझे तीन दिवस गेले.

मग जीप. इथे लोटा एकटा काय सांगणार? मायला झोपवून न्यायचं, तर झोपूनच परीक्षा द्यायला हवी. मी जीपमध्ये सतरंजी टाकून आडवा झालो, धुळीसाठी अंगावर पांढरी चादर ओढली आणि छातीवर लोटा धरला. मुखरू निघाला. वाटेत लोक टोप्या काढताना दिसले. मला वाटलं, चंद्रपूरच्या लोकांना शास्त्राबद्दल आदर आहे!

दोन तासांनी घरी आलो तर दारात चपलांचा ढीग. आत बायका रडत होत्या. मधोमध कमळा कपाळाला हात लावून बसलेली.

"कोण गेलं?" मी विचारलं.

एक म्हातारी मला बघून चुलीमागे पळाली! मागोमाग ऑफिसातले चौघे हार घेऊन आले. साहेबांनी दोन मिनिटं शांतता पाळून सगळ्यांना अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली होती. मी जिवंत आहे म्हटल्यावर एकाचा चेहरा खरंच पडला. त्याला सिनेमाला जायचं होतं. आलेल्या प्रत्येकाला चहा पाजून, मी मेलो नाही हे पटवून देता देता आणखी दीड दिवस गेला. माय आतल्या खोलीतून एवढंच म्हणाली, "मेल्यावर येनारे लवकर येतेत."

आणि जीपमधला लोटा? रिकामा! माझी पाठ अशी ठणकत होती की दोन दिवस मी वाकून चालत होतो.

"भाऊ," मुखरू म्हणाला, "रिकामी जीप उडते. भरली का बसते. तीन-चार क्विंटल वजन टाका मांगं, झुल्यावानी चालते का नाई पाहा!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वजनही पाहिजे आणि वरती मायला निजायला मऊही पाहिजे! रेती कडक. धान टोचतं. सरकी महाग. जड आणि मऊ असं काय असतं? शेजारच्या लहानूच्या परसात त्याच्या मोहांची वाळलेली फुलं पोत्यांत भरून ठेवली होती. मी एका पोत्यावर बसून पाहिलं. अहाहा! राजाची गादी! दबतं पण टोचत नाही. लहानू म्हणाला, "न्या, निमगडेभाऊ. वापस मात्र आनून द्या." सहा पोती जीपमध्ये बसली, वर गादी, गादीवर चादर. लोट्यातून चार थेंब सांडले फक्त! मोटारीचं सुख आणि जीपची ताकद एका गाडीत आणणारा अख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच असणार.

मायला सांगायचं काय हा प्रश्न होता. ज्या मोहापायी बहिणीशी अबोला धरला त्याच्यावर ती निजेल का? मी खोटं बोललो. म्हणालो, "सरकी आहे माय, मावशीच्या बैलांसाठी."

पाच जूनला पहाटे निघालो. माय गादीवर आडवी झाली, दोनदा नाक वर करून हुंगलं.

"वास कायचा येऊन राह्यला गा?"

"बारदानाचा, माय. जुनं आहे ना."

तिनं माझ्याकडे बघितलं. लहानपणी खोडरबर चोरलं होतं तेव्हा बघितलं होतं तसं. मग पदर नाकावर ओढून घेतला.

प्रवास म्हणाल तर स्वप्न! गोंडपिंपरी गेलं, आष्टीचा पूल गेला, माय शांत झोपलेली. लोटा माझ्या मांडीवर, काठोकाठ. मी मुखरूला दर मैलाला सांगत होतो, "बघ! बघ!" मुखरू बिचारा रस्ता बघत होता.

दहाच्या सुमाराला आलापल्लीच्या पुढचा जंगल नाका आला. बांबू आडवा होता. चैतू नावाचा गोंड नाकेदार बाहेर आला, मागे डोकावला, गादीचं टोक उचललं.

"भाऊ, मोहा हाय. पास कुठी?"

"कसला पास?"

"मोहाफूल न्याले पास लागते. दारूचं काम हाय ना."

एकोणीस वर्षं नियमांच्या पुस्तकात डोकं घालून बसलेला मी! पण आमच्याकडे मोह घरात तांदळासारखा पडलेला असतो, त्याला कागद लागतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी मुखरूकडे बघितलं. मुखरू म्हणाला, "तुमी हापिसवाले. मले वाटलं, कागद असनच!"

पण मला नाकेदाराची भीती नव्हती. माझ्या मागे माय जागी झाली होती. आता आकाश फाटणार म्हणून मी डोळे मिटले.

"मले चंद्रपुरातच समजलं होतं," माय म्हणाली. "पन सुगंधाकडे जा लागत होतं ना बापा. काट्याइवर बसवलं असतं तरी बसली असती."

सुगंधाचं नाव ऐकून चैतू चमकला. "कोसमटोल्याच्या नाकेदारबाई? त्या नाकेदारानंच मले काम शिकवलं. भाऊ, पोती इथी उतरवा, एका कागदावर नाव लिहून द्या आन् निघा. बाकीचं मी पाहून घेतो. आभाळ भरून येऊन राह्यलं."

देवमाणूस! वाचकहो, इथे मी गाडीत बसून निघायला हवं होतं. तेव्हा साडेदहा वाजले होते.

पण दोन गोष्टी आडव्या आल्या. एक, पोती उतरवली तर जीप पुन्हा उडणार, माझी सगळी रचना मातीमोल! दुसरी, एका कोऱ्या कागदावर नुसतं नाव? नंबर नाही, तारीख नाही, तीन प्रती नाहीत? उद्या माझ्या नोकरीवर आलं म्हणजे! मी म्हणालो, "असं चालत नाही. रीतसर पंचनामा करा आणि रेंजर साहेबांना बोलवा. मी त्यांना समजावतो. ही पोती माल नाही, ही गाडीची गादी आहे."

चैतूनं डोकं खाजवलं आणि पंचनामा लिहायला घेतला. 'मोहफुले, पोती सहा, पैकी वरील चारवर एक वृद्ध महिला निजलेली.' मला राहवेना! शेरा चुकीच्या रकान्यात होता. मी तो फाडायला लावला. दुसऱ्यात कार्बन उलटा लागला. तिसऱ्यासाठी दोन पंच हवे होते. एक पानठेल्यावर सापडला, दुसरा जेवायला गेला होता तो जेवूनच आला. रेंजर साहेब तेंदूच्या फेरीवरून दोन वाजता आले, माझा पंचनामा वाचला, म्हणाले, "एवढा सुंदर पंचनामा मी नोकरीत पाहिला नाही." मी लाजलो. मग त्यांनी सहाही पोती जप्त केली.

या चार तासांत माय सागाच्या झाडाखाली बसून होती. एकदाच तिनं विचारलं, "झालं का गा?" मी म्हणालो, "एक सही राहिली आहे."

रिकामी जीप निघाली. पहिल्याच खड्ड्यात मायच्या तोंडून जो आवाज आला तो मला आजही ऐकू येतो. मग मीच गादी झालो. फळीवर मांडी घालून बसलो आणि मायला मांडीवर घेतलं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी तिनं मला घेतलं होतं तसं. काय हलकी झाली होती! एका हातात माय, दुसऱ्या हातात लोटा. लोटा का धरला होता मला सांगता येणार नाही. आणि पेरमिलीच्या अलीकडे पाऊस सुरू झाला. मिरुग सात जूनला लागतो हे मला पाठ होतं, पण ढगांनी पंचांग वाचलेलं नव्हतं.

कोसमटोल्याच्या नाल्यावर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. पलीकडे गाव दिसत होतं, अगदी मावशीच्या घराची कौलंसुद्धा. मधे रपट्यावरून, नाल्यातल्या ठेंगण्या फरशीवरून, मांडीभर लाल पाणी धावत होतं.

"मुखरू, काढ!"

"भरली असती तं काढली असती, भाऊ. रिकामी जीप पत्रावळीवानी वाहून जाईन."

त्यानं दुसरं काही करता येईना म्हणून हॉर्न वाजवला. गाव धावत काठावर आलं. आणि मागून चौघांनी खांद्यावर एक बाज आणली. बाजेवर घोंगडीखाली मूठभर मावशी. हॉर्न ऐकून तिनंच हट्ट धरला होता म्हणे. तिच्या उशाशी तिची सून चंदा उभी होती; सासूला तीही मायच म्हणायची. मावशीचा आवाज पाण्यापलीकडे येत नव्हता, म्हणून चंदा तिच्या तोंडाशी कान नेऊन ओरडून सांगत होती.

"माय म्हन्ते, कोन आलं?"

माझी माय मला धरून उभी राहिली. "मी हाय वं सुगंधे! ठमा!"

मधे नुसतं पाणी वाजत होतं.

"म्हन्ते, उशीर काऊन केला?"

मायनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी लोट्याकडे बघितलं.

"पोरगा गाडी पसंत करून राह्यला होता!" माय ओरडली. "धा दिवस!"

चंदा वाकली. बाज हलू लागली. तेवढ्यात चंदा ओरडली, "हासून राह्यली! माय हासून राह्यली!" काठावरचं अख्खं गाव हसलं. मुखरूही हसला, मेला!

"म्हन्ते, कायावर बसून आली?"

माय दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडली, "मोह्यावर वं! सहा पोते मोह्यावर!"

पलीकडे बाज पुन्हा हलली. आणि माय, जिला मी अकरा वर्षांत मोहाचं नाव काढून हसताना बघितलं नव्हतं, ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसायला लागली. हसता हसता तिचे हुंदके कधी सुरू झाले ते मला कळलं नाही.

अंधार पडायला लागला तसे पलीकडचे ओरडले, "सकाळी पानी उतरते! सकाळी बाजीवर नेतो बाईले!" बाज माघारी गेली. आम्ही जीपमध्येच पडून राहिलो.

सकाळी पाणी गुडघ्यावर आलं होतं. पलीकडून तीच बाज निघाली, मागोमाग चंदा. चौघे ती खांद्यावर घेऊन पाण्यातून येत होते, एका लयीत, दगड चुकवत, जिथे खड्डा तिथे गुडघा वाकवत. बाज तसूभर हलत नव्हती! मी भान विसरलो. दहा दिवस मी जे शोधत होतो ते हेच! ना धक्का, ना टायर, ना तेल, नाला आला तरी अडत नाही! "माय, बघ! याला म्हणतात गाडी! ही जर आधी सुचली असती तर..."

माय बाजेकडेच बघत होती.

"बाज रिकामी काऊन आनली?" तिनं चंदाला विचारलं.

"तुमच्यासाठी, मोठी माय."

"अन् सुगंधा कायावर हाय?"

चंदा पाण्याकडे बघू लागली. आमच्याकडे माणसाला बाजेवरून उतरवून जमिनीवर एकदाच घेतात, जीव जायच्या आधी.

मी तोंड मिटलं. मायला बाजेवर बसवलं. तिनं माझ्याकडे हात पुढे केला, मला आधी कळेना. मग लोटा दिला. येताना सांडून सांडून तो अर्धा उरला होता. तो तिनं मांडीवर धरला आणि चौघे नाल्यात उतरले. मागून मी चालत होतो. तेवढ्या वाटेत एक थेंब सांडला नाही. चंद्रपूरच्या आमच्या विहिरीचं ते अर्धा लोटा पाणी मायनं मावशीला चमच्या-चमच्यानं पाजलं, आणि तिथेच तिच्या उशाशी बसून राहिली.

त्या संध्याकाळी पुन्हा पाऊस लागला आणि रस्ता बंद झाला. मी त्याआधी कसाबसा निघालो. मावशी गेल्यावरही माय दिवाळीपर्यंत तिथेच राहिली आणि मग कोणालाही न विचारता एस.टी.नं परत आली. पाठीचं विचारलं तर म्हणाली, "दुखते. दुखू दे." लहानू मला पोत्यांचं अजून विचारतो. मी रस्ता बदलतो.

आणि ऑगस्टात जंगल खात्याचं पत्र आलं होतं. सदर सहा पोती मोहफुले आपण कोणत्या कारणासाठी नेत होता, त्याचा लेखी खुलासा करावा. एकोणीस वर्षांत मी शेकडो खुलासे लिहिले, पण हा लिहायला मला तीन दिवस लागले. शेवटी एकच ओळ लिहिली, 'आईस धक्का बसू नये म्हणून.' तीन प्रती, तारीख, सही, सगळं जागच्या जागी!

पंधरा दिवसांनी तो कागद परत आला. वर लाल शाईत शेरा होता, 'खुलासा समाधानकारक नाही.'

तो मी जपून ठेवला आहे. शेरा अगदी योग्य रकान्यात आहे, आणि खरं सांगायचं तर माझंही मत तेच आहे.